सुकटीच्या डब्यातल्या पाटल्या

मी मोंबासाला नवऱ्याकडे निघाले तेव्हा परदेश कुणीच पाहिला नव्हता, पण तिथल्या चोरांची माहिती सगळ्यांना होती. ते म्हणे झोपलेल्या बाईच्या हातातून बांगडी काढतात आणि तिला कळतही नाही. देवगडातला जो भेटेल तो मला शहाणं करत होता.

माझ्याकडे चोरण्यासारखं एकच होतं, आईने दिलेल्या चार पाटल्या. वडील गेले तेव्हा आईचं बाकी सोनं तिच्या सासरच्यांनी ‘सांभाळायला’ म्हणून नेलं. ते परत आलं नाही. आई लंकेची पार्वती झाली. ह्या चार तेवढ्या तिच्या माहेरी होत्या म्हणून वाचल्या.

निघायच्या आदल्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, “परदेशात बायलमाणसान सोना घालून फिरूचा नाय. माझ्या पेटयेत ठेव, मी सांभाळतंय.”

तो शब्द ऐकला आणि माझं डोकं फिरलं. ठेवणार नाही, असं मी तोंडावर सांगितलं. घरात दोन दिवस पुरेल एवढी शांतता एका संध्याकाळी पसरली.

पण चोरांची भीती मलाही होतीच. मी पाटल्या फडक्यात गुंडाळून सुकटीच्या डब्याच्या तळाशी घातल्या आणि झाकण डाक लावून पक्कं बंद करून घेतलं. आमच्याकडे दुसऱ्याच्या सुकटीच्या डब्यात कुणी हात घालत नाही. जगातही तसंच असेल असं मी धरून चालले. शहाणपण उतू जात होतं नुसतं!

मुंबईहून बोट निघाली, मोंबासाला लागली. धक्क्यावर तपासनीसाने माझं सामान उघडलं. लोणचं सोडलं, पापड सोडले आणि डब्यावर काठी ठेवली. सुकी मासळी आत नेता येणार नाही, ती जाळायची, असं आपल्याकडच्या एका खलाशाने मला समजावलं. शेजारी पिंप धुमसत होतं. तपासनीसाने डब्याला हात घातला. मी डबा ओढून घेतला आणि त्याच्यावर बसले.

“मी देवचंय नाय,” मी म्हटलं. त्याला काय कळायचं ते कळलं असावं.

मागे रांग खोळंबली. कठड्यापलीकडे नवरा उभा होता, तो खुणेने सोडून दे म्हणत होता. मी खलाशाचा चाकू मागून घेतला, झाकण फोडलं आणि कोपरापर्यंत हात घातला. चारही पाटल्या सगळ्यांदेखत हातात चढवल्या. मग डबा खुशाल देऊन टाकला. तपासनीसाने नाक दाबून मला जायला सांगितलं.

नवऱ्याची गाठ दोन वर्षांनी पडत होती. कशी आहेस, हे त्याने विचारलं नाही. घरून आईची तार आली होती म्हणाला. मग इकडेतिकडे बघत त्याने हात पुढे केला.

“दी माझ्याकडे. मी सांभाळून ठेवतंय.”

प्रवासभर मी ज्या चोराची वाट पाहत होते तो असा हसऱ्या तोंडाने येईल असं वाटलं नव्हतं. मला रडू आलं आणि रागही आला. राग आधी बोलला.

“तुमी माका सांभाळा. पाटल्यो मी सांभाळतंय.”

 मग पुढे केलेल्या त्याच हाताने त्याने माझी ट्रंक उचलली.