पिवळ्या पट्ट्या

कोलकात्यात सर्वांत मोठा चढ म्हणजे उड्डाणपूल. अशा सपाट शहरात जन्मून केयूर आठवले याला वेड लागलं ते डोंगरात सायकल चालवण्याचं. खिदिरपूरच्या गोदीत जहाजांचा माल सोडवण्याच्या कागदपत्रांत त्याचा आठवडा जाई; थंडी पडली की मात्र तो सायकल घेऊन पुरुलियाच्या डोंगरात पळे. सालवृक्षांच्या जंगलातली चौदा किलोमीटरची एक वाट त्यानं नऊ वर्षांत स्वतः शोधून काढली होती. तिच्यावर त्याचा जीव होता, जरा जास्तच.

दरवर्षी वाटेवरच्या झाडांना तो पिवळ्या पट्ट्या बांधी, म्हणजे मागून येणारे चुकत नसत. एक पट्टी म्हणजे पुढे चला. दोन पट्ट्या म्हणजे थांबा, त्याच झाडाला सायकल टेका, तिथेच चहा. पट्ट्या असत सॉल्ट लेकच्या निर्मलाकाकूंच्या जुन्या सुती साडीच्या. काकू त्या स्वतः फाडून देत, कारण त्यांचा एकुलता एक मुलगा सौरभ केयूरच्याच सायकलवाल्यांच्या टोळीत होता. चौतीस वर्षांचा, सेक्टर फाइव्हमधल्या संगणक कंपनीत नोकरी, आणि सगळ्यांत वेगवान.

मग एका चैत्रात ते रान पेटलं. कशानं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. डिसेंबरात केयूर नेहमीसारखा एक दिवस आधी एकटाच पट्ट्या बांधायला गेला. खोडं काळीठिक्कर होती, पण बुंध्यांशी तांबूस धुमारे फुटले होते. पावसानं राख घळीत वाहून नेली होती. जमिनीखाली मुळं जळून गेलेल्या जागी चाक भसकन आत जाई. दोनदा तो तोंडावर आपटला. तरीही स्वारी खूश होती. वाट वाचली होती ना!

चहाच्या जागेचा जुना सालवृक्ष अजून उभा होता, शेंड्याला हिरवा. मोळी घेऊन चाललेल्या एका म्हातारीनं त्याला बजावलं की या झाडाच्या पोटातून आग विझल्यावरही कितीतरी दिवस धूर निघत होता, ते आतून पोकळ झालंय, याच्याखाली बसू नका. केयूरनं मान डोलावली. नऊ वर्षांची जागा, वर एवढी पालवी; पुढच्या वर्षी बदलू, असं म्हणून त्यानं दोन पट्ट्या बांधल्या.

दुसऱ्या दिवशी सौरभ सर्वांच्या पुढे होता. वाऱ्याची झुळूकही नव्हती. केयूर शेवटच्या वळणावर असतानाच कडाड्‌ असा आवाज झाला. तो पोचला तेव्हा सौरभची सायकल आणि सौरभ, दोन्ही पडलेल्या झाडाखाली होते. पट्ट्या खोडावर तशाच होत्या. मागचे सोबती आणि पोलीस येण्याआधी केयूरनं त्या सोडून खिशात घातल्या.

झाड पडलं, एवढंच कागदावर आलं. काकूंनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, सौरभ पुढे निघून गेला होता, कुठे बसला ते आम्हाला दिसलं नाही. ते खोटं त्याला तेरा महिने झोपू देत नव्हतं, पण तोंड उघडायची हिंमतही होत नव्हती.

या जानेवारीत काकूंनीच त्याला घरी बोलावलं. टोळी पुन्हा जाणार असल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. टेबलावर पिवळ्या पट्ट्यांचा गठ्ठा नीट रचून ठेवला होता.

"पट्ट्या जवळजवळ बांध," त्या म्हणाल्या. "आमच्या मूर्खासारखं कुणी वाट सोडून भलत्याच झाडाखाली बसायला नको. एवढा शिकलेला, पण सांगितलेलं ऐकायचं म्हणून नाही."

केयूरनं गठ्ठ्याला हात लावला. मुलगा तर गेलाच होता, वर त्याच्या माथी दोषही आपणच मारला, हे त्याला त्या क्षणी कळलं. मग त्यानं सगळं सांगितलं. म्हातारी, धूर, खिशात घातलेल्या पट्ट्या, काहीच लपवलं नाही.

काकूंनी एवढंच विचारलं, "दोन होत्या?"

"दोन."

त्यांनी त्याच्या हाताखालून गठ्ठा ओढून घेतला आणि मांडीवर ठेवला.

"म्हणजे त्यानं ऐकलं होतं," त्या म्हणाल्या. "तेरा महिने मी त्याच्या फोटोला बोल लावतेय, केयूर. जा तू आता."