गप्प बसायचं शिक्षण

"गाळणी ही काय वर्गात न्यायची वस्तू आहे?" थोरलीने विचारलं, आणि जावेने तोंड उघडायच्या आत स्वतःच सांगून टाकलं की नाही, गाळणी खिळ्याला टांगायची वस्तू आहे, आणि सासूबाई मघापासून चहावाचून बसल्यात.

धाकटी पिशवीतून मुकाट्याने एकेक काढत होती. गाळणी, कुलूप, डब्याची झाकणं. काल किसणी गेली होती.

"एक दिवस आईंनाही नेशील तू."

"नेलं तर जाईन," सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या. "निदान तिथे चहा तरी मिळेल."

भांडण गाळणीचं नव्हतं, हे दोघी जावांना पक्कं ठाऊक होतं.

या घरात इंग्रजी म्हणजे थोरली. औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय, बँकेचं पत्र काय म्हणतंय, सगळं तिच्यापुढे यायचं. शाळेत इंग्रजी शिकवण्यात तिचे केस पिकले होते. कामाधंद्यासाठी इंग्रजी लागणाऱ्या मोठ्या माणसांना शिकवायचं कसं, याचं प्रशिक्षण निघालं, शेवटी एकीला संध्याकाळच्या वर्गावर नोकरी, तेव्हा ही नोकरी आपलीच असं तिने धरूनच ठेवलं. धाकटी आली ती नुसती सोबत म्हणून. तिचं इंग्रजी बेताचं, उच्चार तर विचारू नका.

प्रशिक्षण देणाऱ्या बाईंचा एकच हट्ट होता. प्रश्न विचारला की हाताची घडी घालायची आणि समोरचा बोलेपर्यंत तोंड मिटून उभं राहायचं.

थोरलीच्या सराव तासाला, शिकायला आलेल्यांतला एक गवंडी उठला. सकाळी उठून काय करता, तिने विचारलं. तो छताकडे बघू लागला. तिने क्रियापद पुरवलं. तो अडखळला, तिने वाक्य पुरं केलं, वर शाबासकीही दिली. तास संपला तेव्हा फळा गच्च भरला होता आणि गवंड्याच्या तोंडून धड एक शब्द फुटला नव्हता.

मग धाकटी उभी राहिली. हीच गाळणी उचलून एक प्रश्न विचारला, हाताची घडी घातली. वर्गात चिडीचूप. मागच्या बाकावर थोरलीचाच जीव गुदमरायला लागला. उत्तर तिच्या जिभेवर येऊन नाचत होतं. धाकटी ढिम्म. शेवटी गवंडी पुढे आला, तिच्या हातातून गाळणी घेतली आणि वाळू कशी चाळतात ते सांगत सुटला. मोडकंतोडकं, पण थांबेना. शेजारची शिवणकाम करणारी बाई त्याला मध्येच अडवून बोलू लागली.

"इतकं शांत उभं राहायला कुठे शिकलात?" प्रशिक्षणाच्या बाईंनी विचारलं.

"घरी," धाकटी हसून म्हणाली.

तेव्हापासून ते ‘घरी’ थोरलीच्या कानातून जात नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हा काय बडबडी होती ही! तिचं प्रत्येक वाक्य मध्येच उचलून पुरं कुणी केलं? गप्प बसायचं शिक्षण तिला दिलं कुणी, तेही फुकट?

आणि आज निकाल. नोकरी धाकटीला. थोरलीने प्रशिक्षण पुन्हा करावं, हवं तर जावेच्या वर्गात मदतीला बसावं. येताना धाकटी एवढंच म्हणाली होती, "घरी तुम्हीच सांगा, ताई." तिने मिरवलं असतं तरी परवडलं असतं. हा मोठेपणा मात्र सोसवेना.

जेवायला सगळे बसले. "काय झालं नोकरीचं?" थोरलीच्या नवऱ्याने विचारलं.

धाकटी ताटात बघत राहिली. थोरलीने नकळत हाताची घडी घातली. बोल ना, तिच्या मनात आलं, एकदा तरी तूच बोल. धाकटी बोलेना. या खेळात तिला हरवणं शक्य नव्हतं.

"विचारायचं काय त्यात?" दीर म्हणाला. "वहिनींनाच मिळाली असणार."

थोरलीने घडी सोडली.

"नोकरी हिला मिळाली," ती म्हणाली. "मी प्रशिक्षण पुन्हा करणार आणि हिच्या वर्गात मागच्या बाकावर बसणार. सोमवारपासून संध्याकाळी आम्ही दोघी घरात नसू. रात्रीचा स्वयंपाक तुम्ही दोघा भावांनी करायचा. आणि उद्या एक दुसरी गाळणी आणा."