नॉन-रिॲक्टिव्ह नवरदेव

"पोरगा थंड हाय, मॅडम. तुमच्याच कागदावर लिवलंय!"

दामोदरशेठनी माझ्या टेबलावर मोबाइल आपटला. शेठ उलव्याचे, जमीनवाले. मी पनवेलच्या एका सरकारी रुग्णालयात एचआयव्ही काउन्सेलर. तपासणीच्या आधी आणि नंतर माणसाशी बोलायचं, हे माझं काम. शेठच्या मुलीचं, प्राचीचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. होणारा जावई नितेश जासईच्या कंटेनर यार्डात सुपरवायझर. (नावं अर्थातच बदलली आहेत.) लग्नाआधीची एचआयव्ही तपासणी त्याने आमच्याकडे केली आणि रिपोर्टचा फोटो मोठ्या अभिमानाने सासऱ्यांना पाठवला. त्यावर ठळक अक्षरांत होतं: नॉन-रिॲक्टिव्ह.

"नॉन म्हंजे नाय. पोराला रिॲक्शनच नाय! माझ्या पोरीनं करायचं काय? मी लगीन मोडतोय."

हसू आवरायला मी ड्रॉवरमध्ये पेन शोधू लागले. पेन माझ्या हातातच होतं.

रिपोर्ट ज्याचा, त्याच्याशीच बोलायचं, असा आमचा नियम आहे. त्यात सासराही परकाच. "नितेशला बोलवा," मी म्हटलं.

"बोलावलाय. पोरीला पण आणलंय. भाईर बसलीय."

नितेश घामाघूम होऊन आला. आरोप ऐकून त्याचे कान लाल झाले.

"पप्पा, तसं काय नाय ओ!"

"मंग कागद खोटा काय?"

"मॅडम, तुमीच सांगा यांना. माझी परवानगी हाय."

मी सांगितलं. एचआयव्ही शरीरात शिरला की रक्तात त्याच्याशी लढणाऱ्या अँटीबॉडी तयार होतात. त्या सापडल्या की चाचणी रिॲक्टिव्ह. नितेशच्या रक्तात त्या सापडल्या नाहीत. बाकी कुठल्याही रिॲक्शनशी या कागदाचा संबंध नाही.

शेठ फोटोकडे बघत राहिले. "मंग सरळ 'बरा हाय' असं लिवत का नाय?"

जावयाच्या पाठीवर थाप मारून शेठ चहा प्यायला गेले. मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि दारात प्राची उभी राहिली.

"मॅडम, हा रिपोर्ट कितपत पक्का धरायचा?"

मी नितेशकडे बघितलं. नितेश पंख्याकडे बघत होता. मी प्राचीला पाच मिनिटं बाहेर थांबायला सांगितलं.

"नितेश, गेल्या तीन महिन्यांत कुणाशी संबंध आला?"

"गोव्याला गेलतो दोस्तांबरोबर. तपासणीच्या पंधरा दिवस आधी. साखरपुड्याच्या पण आधी, मॅडम!"

"कंडोम?"

"आठवत नाय."

आठवत नाही म्हणजे नाहीच, असं मी धरून चालते. लागण झाल्यावर काही आठवडे चाचणीत ती दिसत नाही. कधी तीन महिनेही लागतात. याला आम्ही विंडो पीरियड म्हणतो. म्हणजे हा रिपोर्ट घाईचा होता. तपासणीच्या दिवशी बाहेर रांग होती. मी विचारलं, "काही धोका?" तो म्हणाला, "नाय, लग्नासाठी." मी फॉर्मवर टिक मारून मोकळी झाले होते. स्वतःचाच राग आला.

"प्राचीला तूच सांग," मी म्हटलं.

"लगीन मोडंल, मॅडम."

"मघाशी काहीही न करता मोडत होतंच."

त्याने तिला आत बोलावलं आणि अडखळत सगळं सांगितलं. प्राचीने त्याला जे सुनावलं ते इथे छापता येणार नाही. मग ती रडली. मला फार वाईट वाटलं. डोळे पुसून तिने मला विचारलं, "आता काय करायचं?"

"गोव्यापासून तीन महिने झाले की पुन्हा चाचणी. तोपर्यंत प्रत्येक वेळी कंडोम, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. एका ताटात जेवा, मुका घ्या, त्याने एचआयव्ही होत नाही."

तिने पर्स उघडली.

"लग्न ठरल्या दिवशीच होईल," ती म्हणाली. मग भिंतीवरच्या डब्यातली कंडोमची पाकिटं मूठभर घेऊन तीत टाकली. नितेशने हात पुढे केला होता. "तुझ्याकडे नकोत. तुला आठवत नाही."

लग्न झालं. दुसरी चाचणीही नॉन-रिॲक्टिव्ह आली. त्या दिवशी नितेश माझ्यासमोर ढसाढसा रडला आणि प्राचीने त्याला पाणी दिलं.

शेठनी एक शब्द चुकीचा वाचला, ती चूक पाच मिनिटांत निस्तरली. मी एक प्रश्न नीट विचारला नव्हता. त्याची आठवण शेवटी नवरीने करून दिली.