परबांचा ड्रोन आणि गुप्त मतदान

आमच्या नाहूरच्या सोसायटीत किस्से गोळा करावे लागत नाहीत. गच्चीवरच्या टाकीसारखे ते आपोआप भरतात आणि वाहतातही. सध्याचे सगळे मात्र एकाच माणसाचे: आमचे सेक्रेटरी परब आणि त्यांनी सोसायटीसाठी घेतलेला ड्रोन!

*

सुरुवात चांगली झाली, खोटं कशाला बोलू? सातव्या मजल्यावर भिंत गळत होती. पूर्वी असं झालं की परांची बांधायची आणि सगळ्यांनी खिडक्या बंद करून बसायचं. परबांनी ड्रोन उडवला आणि चहा होईपर्यंत भेग सापडली. आम्ही टाळ्या वाजवल्या. तिथेच वाट लागली.

*

पुढच्याच आठवड्यात ग्रुपवर फोटो आला: "टाकीचं झाकण उघडं. जबाबदार कोण?"

झाकण कुणी बघितलंच नाही. फोटोत टाकीमागे आमच्या शेजारचे सावंत सिगारेट ओढत बसले होते! सावंतवहिनींची व्हॉइस नोट थेट ग्रुपवर पडली: "तुमी देवासमोर सांगल्यात मां, सोडलंय म्हणान?"

झाकण अजून उघडंच आहे.

*

पाचव्या मजल्यावरच्या तांबेकाकू बाल्कनीत केस वाळवत होत्या. समोर ड्रोन येऊन थांबला. "कबुतरांना दाणे घालताय का ते बघतोय, काकू!" खालून परब ओरडले.

काकूंनी ओला टॉवेल भिरकावला. नेम चुकला. मग त्यांनी खिडक्याच लावून घेतल्या. "माझ्याच घरात मी गाऊनवर ओढणी घेऊन फिरायचं का रे?" त्या मला म्हणाल्या. यावर मला हसू आलं नाही.

*

तळमजल्यावरचे कांबळे लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेत. पाठिंब्यासाठी परबांनी त्यांना गाठलं. "साहेब, सीमेवर पण ड्रोन असतातच की!"

"असतात ना. पण तिकडे कॅमेरा शत्रूकडे असतो. आपण शत्रू कधी झालो, परब?"

"ज्याला काही लपवायचं नाही, त्याला भीती कसली?"

"मग आधी तुमच्या बेडरूमचा पडदा काढा!"

परबांना एकदम पंप चालू करायची आठवण झाली.

*

शेवटी तांबेकाकूंनी हट्टच धरला, ड्रोन विकून टाका. रविवारी कंपाउंडमध्ये सभा भरली. हात वर करून मत द्यायला कोणी तयार होईना. पार्किंग परबच ठरवतात, त्यांच्याशी वाकडं कोण घेणार? कांबळे म्हणाले, "गुप्त मतदान घ्या."

परब लगेच तयार! "बिनधास्त लिहा," रिमोट हातात धरून ते म्हणाले. सभेचं शूटिंग चालू होतं, वर ड्रोन घरघरत होता. त्या आवाजाची इतकी सवय झालेली की कोणी मान वर केली नाही. सगळ्यांनी मांडीवर चिठ्ठ्या ठेवून 'ठेवा' किंवा 'विका' लिहिलं. शेजारच्या सावंतांना दिसू नये म्हणून मी हाताचा आडोसाही केला.

काकू जिंकल्या. परबांनी हात जोडले, "सभेचा निर्णय मान्य."

सोमवारी सकाळी ते मला लिफ्टमध्ये भेटले.

"काय हो, आधी 'ठेवा' लिहिलं होतंत ना? मग खोडलंत कशाला?" परब हसून म्हणाले. "बरं, तुमच्या पार्किंगचं जरा बोलायचं होतं."