तात्यासाहेबांचा दुखवटा

तात्यासाहेब गेल्याची बातमी अयोध्याबाईंना सकाळी सुनेच्या मोबाइलवर दिसली. फोटोखाली भलतंच नाव होतं, कुणी वामनराव खासनीस, वय अठ्ठ्याहत्तर, ज्येष्ठ अभिनेते. पण चेहरा तोच, कपाळावरची आठीही तीच. अयोध्याबाईंनी मोबाइल परत दिला आणि पदर तोंडाला लावला.

"आत्या, अवो नट हुता त्यो," सून निकिता म्हणाली.

"तुज्यासाठी."

आता हे खरं, की तात्यासाहेब लोहाऱ्याजवळच्या या गावात कधीच आले नव्हते. ते यायचे रोज संध्याकाळी साडेसातला, टीव्हीत. मालिका बदलल्या, त्यातल्या सुना बदलल्या, पण सासरा बहुतेक वेळा हाच माणूस. अयोध्याबाई त्याला पहिल्या मालिकेतल्याच नावाने ओळखत. बाकीची नावं त्यांनी कधी मान्यच केली नाहीत. चौदा वर्षांत या सासऱ्याने एकदाही सुनेवर आवाज चढवला नाही. सून दमून आली की तो स्वतः उठून तिला पाणी देई. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा अयोध्याबाई हसल्याच होत्या. असला सासरा कुठं असतो? मग रोज पाहू लागल्या. त्यांच्या खऱ्या सासऱ्यांनी उभ्या हयातीत दोन्ही सुनांना नावाने हाक मारली नव्हती. ते खाकरले की ताट वाढायचं, एवढंच बोलणं. ते गेले तेव्हा रीतीपुरतं रडणं झालं आणि दुसऱ्या दिवशी डोळे कोरडे.

दुसरी सून म्हणजे धाकटी जाऊ, कमलबाई. घर एक होतं तेव्हा दोघी एकाच चटईवर बसून, शेंगा फोडत तात्यासाहेबांना बघत. पुढे वाटण्या झाल्या, घराच्या मधोमध भिंत आली, आणि वर्षभरात कमलबाईच्या शेळ्यांनी अयोध्याबाईंच्या कडब्याच्या गंजीत तोंड घातलं. शब्दाने शब्द वाढला. शेळ्या केव्हाच विकल्या गेल्या, अबोला मात्र नऊ वर्षं धडधाकट राहिला. तरी साडेसातला भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकच मालिका लागे. तात्यासाहेबांना कुणी उलटून बोललं की अयोध्याबाईंच्या तोंडून शिवी निघे, आणि तेवढ्यात पलीकडूनही एक निघे.

म्हणून त्या सकाळी अयोध्याबाईंना एकच माणूस हवं होतं. लेक बजरंग जीप घेऊन उमरग्याच्या फेरीला गेला होता, आणि जाताना हसला होता. सून गुणाची, पण तिला यातलं काय कळणार? तात्यासाहेब कोण होते, हे साऱ्या गावात फक्त कमलला ठाऊक होतं.

गावची रीत अशी, की मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे पिठलं-भाकरी आणून देतात, आणि ज्यांच्या घरचं मयत, ते कुणाच्या दारात जात नाहीत. कितीही वाकडं असलं तरी अशा वेळी माणूस येतंच. नाही आलं, तर ते जन्मभर ऐकवलं जातं. अयोध्याबाईंनी गॅस पेटवू दिला नाही. दाराकडे तोंड करून बसल्या. कमल येईल. यायलाच पाहिजे. दहा वाजले, बारा वाजले. कमल आली नाही.

"एवढं मयत हून बी पाय उचलंना तिचा," त्या म्हणाल्या, आणि त्यांना नव्याने रडू आलं. त्यातलं तात्यासाहेबांसाठी किती आणि कमलसाठी किती, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

अंगणात धुणं वाळत घालायला गेलेली निकिता लगबगीने आत आली. "आत्या, धाकट्या आत्या बी सकाळधरनं उपाशी हायत. त्येंनी बी गॅस लावला न्हाय. म्हनत्यात, मयत माज्या घरचं, थोरल्या जाऊनं यायला पायजे."

"तिच्या घरचं?" अयोध्याबाई ताडकन उठल्या. "तात्यासाहेब तिच्या घरचे कवापासनं झाले?"

"मग दोनी घरी मयत असल्यावर भाकरी आनायची कुनी?"

पोरीचं खोटं नव्हतं. पण आपण गेलो आणि कमलने तोंडावर दार लावलं तर? गावात हसं होईल ते होईल, पुन्हा मरेपर्यंत बोलणं नाही. मग अयोध्याबाईंनी रीत बाजूला ठेवून गॅस पेटवला, स्वतः चार भाकरी थापल्या, पिठलं केलं. मिठाचा अंदाज चुकला असणार. डोळे पुसत स्वयंपाक केला की कुणाचाही चुकतो. ताट पदराखाली झाकून त्या रस्त्याने वळसा घालून निघाल्या आणि नऊ वर्षांत न चढलेल्या पायरीशी जाऊन उभ्या राहिल्या.

कमल उंबऱ्यात बसली होती. डोळे सुजलेले, केस विंचरलेले नाहीत. जावेला पाहून ती उठली नाही की बोलली नाही. अयोध्याबाईंनी ताट पुढे केलं. मग कमलने हात पुढे करून ताट घेतलं आणि सरकून जागा केली.

"लई येळ लावलात, आक्का."

अयोध्याबाई तिच्या गळ्यात पडल्या आणि दोघी मोठ्याने रडल्या, पोटभर रडल्या.

शेजारची ज्ञानेश्वरी डोक्यावर गवताचा भारा घेऊन रानातून येत होती. या दोघींना गळ्यात गळा घातलेलं पाहून ती जागीच थबकली. "अगं बाई! कोन गेलं वो?"

अयोध्याबाईंनी पदराने नाक पुसलं. "मामंजी."

"काय बोलता? तुमचे मामंजी जाऊन बारा वरसं झाली की! तेराव्याला जेवाय आलतो आमी."

"ते येगळे," कमल म्हणाली, आणि पहिला घास जावेच्या हातात ठेवला.