हळदीला वाजलेल्या गाड्या

आमची पहिली गाडी आम्ही जुनीच घेतली. तिच्या स्टिरिओत रेडिओ आणि बंद पडलेला कॅसेट प्लेयर, एवढंच. माझ्याकडे अंगठ्याएवढा म्युझिक प्लेयर होता. त्यात सासूबाईंची गाणी होती. त्यांचं माहेर चामटोलीचं; हळदीची गाणी म्हणायला त्यांना अजून लांबलांबून बोलावतात. एका दुपारी पडवीत बसवून मी ती रेकॉर्ड केली होती.

उल्हासनगरला कॅम्प दोनमधल्या सिंधी दुकानदाराने गाडीतल्या सिगारेट लाइटरच्या भोकात बसणारं एक यंत्र दाखवलं. "ताई, ये समझो छोटा रेडिओ स्टेशन. प्लेयर याला जोडा आणि यावर दिसेल तो नंबर रेडिओला लावा. बस!"

आम्ही दुकानासमोरच लावून बघितलं. स्पीकर गाऊ लागला, तशा मागे बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "बरी गातेय गं. कुठली बाई?"

"चामटोलीची," मी म्हटलं. त्यांनी लाजून पदर तोंडाला लावला.

पुढे नणंदेच्या मुलीची हळद अंबरनाथ पूर्वेला, सोसायटीच्या आवारात होती. नेमका त्याच दिवशी सासूबाईंचा घसा बसला. स्पीकरवालाही येईना. नणंद रडकुंडीला आली. मी गाडी मांडवाला चिकटून लावली, चारी दारं उघडली आणि प्लेयर सुरू केला. बायका टाळ्या वाजवत पुढे सरकल्या.

तेवढ्यात शेजारच्या गाडीतून धाकटे दीर ओरडले, "वहिनी! आई माझ्या रेडिओवर लागली!"

ते एसीत बसून स्टेशनं चाळत होते. माझ्या यंत्राचा आवाज त्यांच्या रेडिओने पकडला होता. मग काय, ज्याची त्याची गाडी जवळ आली, सगळ्यांनी तोच नंबर लावला आणि आवारभर सासूबाई घुमू लागल्या. नवरीसुद्धा पाटावर बसल्या बसल्या डोलत होती. वरच्या मजल्यावरची एक बाई उतरून विचारू लागली, "गाणारीण कुठून आणलीत हो?" खुर्चीत बसलेल्या सासूबाईंनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. तिला ते खरंच वाटेना.

कार्यक्रम आटोपला आणि दिरांची गाडी काही सुरू होईना. इंजिन बंद करून रेडिओ तेवढा चालू ठेवल्याने बॅटरी पार उतरली होती. सगळे धक्का मारायला धावले, तेही हळदीच्या हातांनी. पांढऱ्या डिकीवर पिवळे पंजे उमटले.

"अरे, हात तरी धुवा!" दीर खिडकीतून ओरडले.

"असू दे रे, शकुन आहे," सासूबाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या आणि आम्हाला हाताने खूण केली, मारा अजून.

आम्ही जोर लावला. इंजिन धडधडलं. पुन्हा बंद पडेल या भीतीने दीर न थांबता फाटकाबाहेर गेले, आणि त्यांची बायको चपला हातात घेऊन हसत हसत गाडीमागे धावली.