बैठक वर असते

इंदापुरात तहसील कचेरीसमोर पाण्याचा मोर्चा होता. दोघा कार्यकर्त्यांनी मला काखेत धरून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवलं, मागनं कुबडी टाकली आणि माईक हातात दिला. संघटनेत आवाज माझाच मोठा. घोषणा मीच द्यायची.

"लंगडं सरकार!"

खालनं "काय कामाचं!" असं यायला पाहिजे होतं. त्याआधीच फाटकातला हवालदार ओरडला, "आयला, लंगडीच म्हणतीया लंगडं सरकार!"

सगळे हसले. हवालदाराचं सोडा, त्याची-माझी ओळखपाळख नाही. आपली माणसं हसली. उठता-बसता समता समता करणारी. आणि मीपण हसले. त्याचा राग अजून जात नाही.

बारा वर्षं मी हीच घोषणा देत होते. बारामतीत, सुप्याला, आमच्या शेळगावच्या चौकात. लंगडं सरकार, आंधळं सरकार, पांगळा कारभार. कागदावर येईल ते घसा फोडून म्हणायचे. त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकलं. लाज वाटली. माझीच.

हा कागद बारामतीच्या कार्यालयात तयार होतो. पहिला मजला, अठरा पायऱ्या, धरायला कठडा नाही. बैठक वर चालते. मी खाली कासिमचाचांच्या शिलाईच्या दुकानात बाकावर बसते. चाचा चहा पाजतात. तासाभरानं कुणीतरी उतरतं, कागद देतं, म्हणतं, "वर ठरलंय." बैठक खाली घ्या, असं किती वेळा सांगितलं. पुढच्या वेळी बघू, म्हणतात.

त्या मोर्चानंतर सभा झाली. आमचे अध्यक्ष आबा. त्यांनी मला पुढं बसवलं आणि भाषणात म्हणाले, "ही आमची दिव्यांग भगिनी! पायानं अधू असूनसुद्धा लढती!" टाळ्या. फोटो. म्हटलं, ह्यापेक्षा हवालदार परवडला.

सभा उठल्यावर आबांना गाठलं.

"आबा, ती घोषणा बदला."

"अगं पोरी, ती सरकारला हाय. तुला न्हाय."

"मग सरकारला शिव्या घालायला माझा पाय कशाला लागतो?"

आबांनी घड्याळात बघितलं. मग म्हणाले, "बरं. वर घेतो विषय."

वर!

दमले मी. चालून नाही, सांगून सांगून दमले. ह्या माणसांना मजूर कळतो, जात कळते, बाईसुद्धा कळायला लागलीय. जिना तेवढा कळत नाही. रोज ह्यांच्याशी भांडून मग सरकारशी भांडायचं, एवढा जीव कुठनं आणायचा?

आज पुन्हा कागद आला. पहिलीच घोषणा तीच. आणणाऱ्या कार्यकर्त्याला म्हटलं, "परत न्या. न्हाय म्हणत मी."

तो वर गेला. थोड्या वेळानं आबा जिन्याच्या तोंडाशी आले. तिथनंच ओरडले, "अगं, उद्या मोर्चा हाय! आता काय खुळ्यावानी करतीस?"

'खुळ्यावानी.' तेपण एक आहेच.

चाचांनी मशीन थांबवलं. मी बाकावरनं उठले नाही.

"अठरा पायऱ्या हायत, आबा. उतरा. हितं बसून ठरवू."

आबा उतरतील, न उतरतील. पण मी न बसलेल्या बैठकीतली घोषणा आता माझ्या तोंडून निघणार नाही.